अंगण खरंच वाकडं होतं

'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण ठाऊक नसलेला मराठी माणूस सापडणार नाही. कानडीत हीच म्हण 'कुणियलारदवळु नेल डोंकु एंदळंते' अशी आहे. आमच्या अप्पांच्या वहीत या दोन्ही म्हणी शेजारी शेजारी लिहिलेल्या आहेत. अप्पा म्हणजे माझे वडील. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवले आणि निवृत्त झाल्यावर मराठी म्हणी आणि त्यांच्या कानडी बहिणी गोळा करण्याचा नाद लावून घेतला. बाजारात, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत, कुठेही एखादी म्हण कानावर पडली की खिशातली चिठ्ठी बाहेर येई. अशा सहा वह्या भरल्या होत्या.

2005 च्या गणपतीत आम्ही घरी संगणक आणला. घेतला मुलीच्या नावाने, पण खरा उपयोग केला अप्पांनी. तेव्हा ते 68 वर्षांचे होते. नातीच्या शेजारी बसून महिनाभरात त्यांनी 'बरह' हे सॉफ्टवेअर शिकून घेतले. इंग्रजी कीबोर्डवर टाइप करावे आणि पडद्यावर हवे तर कानडी, हवे तर देवनागरी अक्षर उमटावे, याचे त्यांना भारी कौतुक. दोन भाषांच्या म्हणी एकाच पानावर समोरासमोर बसवता येणार होत्या. रोज दुपारी चारचा चहा झाला की अप्पा खुर्चीत बसत, ते सहापर्यंत उठत नसत.

दिवाळीनंतर मात्र सगळे बिघडले.

हात की माऊस?

"अरे, हा बाण ऐकतच नाही बघ," ही अप्पांची पहिली तक्रार. बाण म्हणजे माऊसचा पॉइंटर. पुढे ढकलला की तो क्षणभर जागीच थिजे आणि मग एकदम उडी मारून भलतीकडे जाई. कधी पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन चिकटून बसे. कधी बटण दाबलेले नसताना मेनू उघडे. एकदा तर निवडून ठेवलेल्या तीसेक म्हणी त्यांच्या डोळ्यांदेखत पुसल्या गेल्या.

मी नोकरीवरून रात्री आठला घरी येई आणि माऊस हातात घेऊन बघे. तो अगदी शहाण्यासारखा चाले. तरी मी उपाय केले. तेव्हाच्या माऊसच्या पोटात रबरी चेंडू असायचा. तो काढून आतल्या रुळांवरचा मळ कापसाने पुसला. गुण आला नाही, म्हणून चेंडूऐवजी लाल उजेडावर चालणारा नवा माऊस आणला. नवा पॅड आणला. रात्री तपासले की सगळे ठीक, दुपारी अप्पा बसले की पुन्हा तोच गोंधळ. मग मी तेच म्हणालो जे कुणीही म्हणाले असते. "अप्पा, माऊस घट्ट धरू नका. हात थोडा हलतो तुमचा."

अप्पा हसले. "म्हणजे नाचता येईना, अंगण वाकडं!" म्हणाले. मीही हसलो.

पण जानेवारी उजाडला आणि अप्पा चारला खुर्चीत बसेनासे झाले. संगणकावर टॉवेल पांघरलेला दिसू लागला. विचारले तर म्हणायचे, "डोळे दुखतात." मग एके दिवशी पाहुणे आले असताना लक्षात आले, की अप्पा चहाचा कप दोन्ही हातांनी धरतायत. आपला हात थरथरतो हे त्यांनी मनावर घेतले होते. कपाला काही झालेले नव्हते, बशीत एक थेंब सांडत नव्हता. पण पाहुण्यांसमोर फजिती नको, ही धास्ती.

फेब्रुवारीत त्यांना डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी कागदावर गोगलगाईच्या शंखासारखे आतून बाहेर जाणारे वळण काढायला लावले, सरळ रेघा मारायला लावल्या, बोटांनी नाकाला स्पर्श करायला सांगितले. हात थरथरतो की नाही हे बघण्याची ही साधी, जुनी रीत आहे. अप्पांचे वळण शाळेच्या फळ्यावर काढावे तसे आले. डॉक्टर म्हणाले, "वयाच्या मानाने उत्तम हात आहे. तुमचं काहीतरी दुसरं बिघडलंय."

तांबडा दिवा

ते दुसरे काय, हे आधी कळले माझ्या पत्नीला. ती धारवाडची. संगणकातले तिला काही कळत नाही असे ती स्वतःच सांगे. पण संगणक स्वयंपाकघराच्या दारासमोर होता आणि दुपारी घरी तीच असे. रात्री जेवताना म्हणाली, "अवर कैगेनू आगिल्ल री. तो डब्यावरचा तांबडा दिवा बघा. एरवी लुकलुकतो. चार वाजले की सारखा पेटून राहतो. तो पेटला की बाण उड्या मारतो, विझला की गप."

हा दिवा हार्ड डिस्कचा. डिस्क कामात असली की तो लागतो. आणि चार वाजता डिस्क कशाने कामाला लागते, हे मला लगेच आठवले. अँटिव्हायरसने रोज सगळ्या फायली तपासाव्यात म्हणून वेळ मीच लावून दिली होती, दुपारी चारची. त्या वेळी घरात संगणक कुणी वापरत नाही असा माझा समज. अप्पांची वेळ माझ्या लक्षातच नव्हती. रात्री आठला तपासणी संपलेली असे, म्हणून माझ्या हातात माऊस शहाणा.

पण एवढ्याने प्रश्न सुटत नव्हता. फायली तपासताना संगणक थोडा मंदावणार, हे मान्य. माऊसने आपणहून मेनू उघडावेत, हे कसे?

दुकानदार, हमाल आणि सदऱ्याची बटणे

हे समजावून सांगितले माझ्या भाचीने. ती तेव्हा बेळगावातच इंजिनिअरिंग शिकत होती. उबुंटू नावाची लिनक्सची सीडी त्या काळी टपालाने फुकट मिळायची, ती घेऊन आली. ही सीडी घालून संगणक चालू केला की विंडोजला हात न लावता दुसरीच प्रणाली चालते. म्हणजे दोष विंडोजचा की यंत्राचा, याचा निवाडा होतो. तिने डिस्कवरची एक मोठी फाइल वाचायला लावली आणि अप्पांना म्हणाली, "आज्जा, आता माऊस फिरवा." बाणाने तश्शाच उड्या मारल्या. मग तिने यंत्राची रोजनिशी उघडली. संगणक आपल्या अडचणी ओळीओळीने तिच्यात लिहून ठेवत असतो. तिथे दोन प्रकारच्या ओळी एकामागोमाग एक आल्या होत्या. एक डिस्कची, 'बॅड सीआरसी'. दुसरी माऊसची, 'लॉस्ट सिंक्रोनायझेशन'.

"मामा, दोन्ही बिघाड एकाच वेळचे आहेत," ती म्हणाली. "माऊस आजारी नाही. त्याची हाक वेळेवर ऐकली जात नाहीये."

वाचकहो, संगणकाच्या आत एक प्रोसेसर असतो. त्याला आपण रविवार पेठेतला घाऊक दुकानदार समजू. माऊस, कीबोर्ड, डिस्क ही त्याची गिऱ्हाइके. दुकानदार सारखा प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत बसत नाही. ज्याला काम असेल त्याने घंटा वाजवायची. या घंटेला इंटरप्ट म्हणतात, म्हणजे 'हातातले काम क्षणभर थांबवा' अशी हाक. त्या काळच्या संगणकात प्रत्येकाच्या घंटेला नंबर असे. कीबोर्डचा 1, माऊसचा 12, पहिल्या डिस्कच्या जोडणीचा 14. गोल हिरव्या तोंडाच्या पिनचा माऊस हलत असला की सेकंदाला साधारण 100 निरोप पाठवी. प्रोसेसर इतका चपळ, की या घंटा त्याच्या खिजगणतीतही नसत.

आता डिस्कचे बघू. डिस्ककडून माल येतो तो लॉरीने. दुकानात हमाल असेल तर लॉरी परस्पर गोदामात रिकामी होते आणि हमाल शेवटी फक्त 'झालं' म्हणून सांगतो. दुकानदार गल्ल्यावर मोकळा. या पद्धतीला डीएमए म्हणतात. हमाल नसेल तर दुकानदाराला स्वतः पोती वाहावी लागतात. ही जुनी पद्धत, तिला पीआयओ म्हणतात. तिच्यात 512 बाइटचा एक तुकडा दोन-दोन बाइट करत 256 खेपांत आत न्यावा लागतो. पोते पाठीवर असताना दुकानदार घंटेकडे लक्ष देत नाही, किंवा ऐकले तरी 'थांबा, आलोच' म्हणून गिऱ्हाइकाला रांगेत ठेवतो. बाण थिजतो तो इथे. दुकानदार परत आला की साठलेले निरोप एकदम वाचतो आणि बाण उडी मारतो.

मेनू आपोआप उघडतात त्याचे कारण आणखी गमतीचे आहे. माऊसचा एक निरोप एका दमात येत नाही. साध्या माऊसचा 3 तुकड्यांत येतो, चाकवाल्याचा 4 तुकड्यांत. पहिल्या तुकड्यात मुख्यतः कोणते बटण दाबले ते, दुसऱ्यात डावीउजवीकडे किती, तिसऱ्यात वरखाली किती. दोन तुकड्यांमध्ये फार वेळ गेला तर माऊस सांभाळणारा प्रोग्रॅम अर्धवट निरोप शिळा समजून टाकून देतो. मागाहून उरलेला तुकडा येतो आणि तोच नव्या निरोपाचा पहिला तुकडा ठरतो. सदऱ्याचे पहिले बटण चुकीच्या काजात गेले की पुढची सगळी चुकत जातात, तसेच हे. बाण किती सरकला याचा आकडा 'उजवे बटण दाबले' असा वाचला जातो. अप्पांनी काही न दाबता मेनू उघडत, ते असे.

भाचीचे बोलणे संपल्यावर अप्पांनी एकच विचारले. "म्हणजे मी बरोबरच हलवत होतो?"

"एकदम बरोबर, आज्जा."

चूक कुणाची निघाली

आता प्रश्न होता, आमच्या दुकानातला हमाल गेला कुठे? 'बॅड सीआरसी' या ओळीचा अर्थ, डिस्कवरून निघालेला माल आणि पोचलेला माल यांची बेरीज जुळत नाही, वाटेत गळती आहे. वाट म्हणजे केबल. तेव्हाच्या डिस्कला चपटी, पट्टीसारखी केबल असे. टोकाला पिना 40, पण आत तारा 80. प्रत्येक कामाच्या तारेशेजारी एक जमिनीला जोडलेली तार, म्हणजे शेजारच्या तारांची कुजबुज एकमेकींत मिसळू नये.

भाचीने डबा उघडला. केबलला मधोमध कडक घडी पडली होती आणि कडेला ती डब्याच्या पत्र्याखाली चेपली होती. ती घडी कुणाची, हे मला विचारावे लागले नाही. दिवाळीच्या सुटीत सीडी रायटर मीच बसवला होता. बसवणावळीचे पैसे वाचवायला झाकण गुडघ्याने दाबून लावले होते.

म्हणजे केबल चेपली मी, तपासणीची वेळ लावली मी आणि हात मात्र वाकडा ठरवला अप्पांचा.

खडेबाजारातून नवी केबल आणली, साठ रुपयांना. बसवली, विंडोज चालू केले, तरी बाण तसाच! अप्पा काही न बोलता उठू लागले. भाची म्हणाली, "आज्जा, बसा. विंडोज जुनी चूक विसरलेलं नाही." तिने सांगितले ते मला आजही आठवते. विंडोज एक्सपीत डिस्कच्या अशा एकूण 6 चुका झाल्या की ते डिस्कचा वेग एक पायरी खाली आणते. चुका होत राहिल्या की आणखी खाली आणि शेवटी पीआयओवर. दोष दूर झाला तरी आपणहून पायरी वर चढवत नाही. कुणीतरी जाऊन सांगावे लागते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'प्रायमरी आयडीई चॅनल' काढून टाकायचा आणि संगणक पुन्हा चालू करायचा. मग ते नव्याने ओळख करून घेते आणि हमाल कामावर येतो.

ते केले. तांबडा दिवा पेटलेला असतानाही बाण पडद्यावर पाण्यासारखा फिरू लागला.

त्या रात्री मी अप्पांच्या खोलीत गेलो. काय बोलावे सुचेना. म्हणालो, "अप्पा, मी उगाच तुमच्या हाताला..." त्यांनी पुढे बोलू दिले नाही. म्हणाले, "तपासणीची वेळ बदल म्हणजे झालं. चार ही माझी वेळ आहे." दुसऱ्या दिवशी चारला टॉवेल घडी करून बाजूला ठेवलेला होता. पाहुण्यांसमोर कप एका हाताने धरायला मात्र त्यांना आणखी बरेच दिवस लागले. त्यासाठी डिव्हाइस मॅनेजर नव्हता.

आज तुमच्या घरी असे झाले तर

एक्सपीची देखभाल एप्रिल 2014 मध्ये बंद झाली. त्या चपट्या केबली गेल्या, हिरव्या तोंडाचे माऊसही दिसत नाहीत. आजचा यूएसबी माऊस स्वतः घंटा वाजवत नाही. संगणकच ठरलेल्या अंतराने त्याला विचारत असतो, साध्या माऊसला बहुधा सेकंदाला 125 वेळा. पण दुकानदार तोच आहे. आजच्या विंडोजमध्ये घंटा वाजली की तातडीचे तेवढे लगेच उरकतात आणि बाकीचे काम रांगेत ठेवतात. वायफाय, ग्राफिक्स अशा एखाद्या उपकरणाचा ड्रायव्हर रांगेत पुढे येऊन जागा अडवून बसला, की मागचे सगळे खोळंबतात. बाण अडखळतो, गाणे चालू असेल तर आवाजात कटकट ऐकू येते. दोन्ही एकाच वेळी होत असेल तर माऊस बदलण्यात पैसे घालवू नका. क्रमाने हे करून बघा.

माऊस आधी दुसऱ्या संगणकाला लावा. तिथे नीट चालला तर माऊस आणि हात दोन्ही निर्दोष. त्रास कधी होतो ते दोन-तीन दिवस वेळेसकट कागदावर लिहा. आम्ही हे पहिल्या आठवड्यात केले असते तर तीन महिने वाचले असते. चकचकीत काचेच्या टेबलावर माऊस असेल तर खाली कागद ठेवून बघा. बिनतारी असेल तर सेल बदला आणि त्याचा छोटा रिसीव्हर यूएसबी 3 च्या पेनड्राइव्हला किंवा डिस्कला चिकटून असेल तर दूर लावा. त्या जोडणीचा गोंगाट बिनतारी माऊसच्याच लहरींत मिसळतो.

एवढे करूनही अडखळत असेल तर विंडोज सेफ मोडमध्ये चालू करा. तिथे मोजकेच ड्रायव्हर असतात. त्यात बाण नीट चालला तर दोष बहुधा ड्रायव्हरचा. मग जोडलेली उपकरणे एकेक करून काढा, वायफाय थोडा वेळ बंद करून बघा. 'लेटन्सीमॉन' नावाचा प्रोग्रॅम कोणता ड्रायव्हर किती वेळ अडवतो ते नावानिशी दाखवतो. नाव कळले की संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच नवा ड्रायव्हर घ्या. आणि डिस्क वाचताना संगणक थिजत असेल, तर दुरुस्तीच्या आधी फोटो आणि कागदपत्रांची नक्कल दुसरीकडे काढून ठेवा. डिस्क शेवटच्या घटका मोजत असण्याची शक्यता असते.

गेल्या वर्षी आमची मुलगी लॅपटॉप घेऊन चार दिवस माहेरी आली होती. ऑफिसच्या मीटिंगमध्ये तिचा बाण अडखळू लागला. "बाबा, हा माऊस बघा ना!" 'अगं, हळू धर,' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. ते गिळले आणि विचारले, "आवाजही तुटतोय का?" तुटत होता. वायफायचा ड्रायव्हर निघाला.

अप्पा 2017 मध्ये गेले. त्याआधी सहाही वह्या टाइप करून झाल्या होत्या. मराठी डावीकडे, कानडी उजवीकडे. ती पाने चाळताना 'नाचता येईना' सापडली. खाली त्यांनी लहान अक्षरांत एक ओळ घातली आहे: 'अपवाद: सन 2006, आमच्या घरी अंगण खरोखरच वाकडे निघाले.'